न पाहिलेला डाव

एका नदीच्या अल्याड उंबरखडी नावाचं गाव होतं आणि पल्याड निवळगाव. दोन्ही गावांचं पाणी एक, बोली एक आणि वेडही एकच. ते वेड आट्यापाट्यांचं.

खेळ तसा साधा. मैदानावर नऊ आडव्या पाट्या आखायच्या. एका संघाचे गडी पाट्यांवर उभे राहून वाट अडवणार. दुसऱ्या संघाच्या गड्यांनी त्यांना हुलकावण्या देत शेवटच्या पाटीपलीकडे जायचं आणि तसंच परत यायचं. पाटीवरच्या गड्याने शिवलं की पळणारा बाद. पाटीवरच्या गड्याला आपली पाटी सोडता येत नाही, तो फक्त डावी-उजवीकडे सरकतो. पण मैदानाच्या मधोमध एक उभी पाटी असते, नऊही पाट्यांना छेदून जाणारी. तिच्यावर एकच गडी असतो. त्याला सूर म्हणतात. सूर पुढे-मागे हवा तिथे धावतो. कुणाची कोंडी कुठे करायची, ते तोच ठरवतो. बाकीचे पायांनी खेळतात, सूर डोक्याने खेळतो. सूर चुकला की नऊ पाट्या उघड्या, असं म्हातारी माणसं म्हणत.

त्या मुलखात पालटाची चाल होती. सुगी आटोपली की गावं आपापसांत गडी बदलून घेत. पालटात गेलेला गडी बारा वर्षं त्या गावचा. तिथेच घर, तिथेच शेत, आणि वेळ आली तर आपल्याच जुन्या गावाविरुद्ध खेळणं. कुठला गडी किती गड्यांच्या मोलाचा, हे सांगायला प्रत्येक गावाने एक पारखी ठेवलेला असे.

उंबरखडीचा पारखी होता गोंदाजी. अंगाने किरकोळ, बोलण्यात मोजका. वीस वर्षं तो गड्यांची पारख करत होता. कोण धाप लपवतो, कोण वळण्याआधी खांदा पाडतो, कोण हरताना शेजारच्या गड्याकडे रागाने बघतो, सगळं त्याला दिसे. गावात म्हणत, “गोंदाजीची पापणी लवत नाही.” हे ऐकलं की गोंदाजी हसे. आतून मात्र त्याला भीती वाटे. न लवणारी पापणी माणसाला नसते, हे त्याला ठाऊक होतं.

त्या वर्षी उंबरखडीचा संघ चौथ्यांदा जत्रेत हरला. तालमीचे वस्ताद सुभानजी चिडले.

“सूर म्हणून आपला सटवाजी चांगला आहे, पण चांगल्याने जत्रेची ढाल मिळत नाही,” ते म्हणाले. “निवळगावचा राणोजी उभ्या पाटीवर असला की कुणी सुटत नाही म्हणे. त्याला आणायचा.”

निवळगावने निरोप धाडला, राणोजी देतो, पण एकाला तीन. सटवाजी हवा आणि त्याच्यासोबत आणखी दोन गडी.

एकाला तीन असा पालट आजवर झाला नव्हता. वस्तादांनी गोंदाजीला बोलावलं. “जाऊन बघून ये. तू हो म्हणालास तर हो.”

गोंदाजी गाडी जोडून नदीपर्यंत गेला आणि नावेने पल्याड उतरला. निवळगावच्या मैदानाभोवती तीनेकशे माणसं जमली होती. डोंगरापलीकडचा एक पाहुणा संघ खेळायला आला होता. गोंदाजीला बाभळीच्या सावलीत, मानाच्या घोंगडीवर बसवलं. त्याने घोंगडीच्या कडेला बोट रोवलं आणि नजर राणोजीवर ठेवली.

राणोजी उंच होता, पाय हलके होते. पण पहिला डाव संपला तरी गोंदाजीला विशेष काही दिसलं नाही. चार गडी बाद झाले, त्यातले दोन पाटीवरच्या गड्यांनी आपल्या हुशारीने मारले. राणोजी कोंडी उशिरा करत होता. वाईट नव्हता. एकाला तीनही नव्हता.

दुसरा डाव रंगात आला तेव्हा निवळगावचा पारखी भिवबा तबक घेऊन पुढे आला. पारख्याने पारख्याला विडा द्यायचा, ही तिथली रीत. देणाऱ्याने दोन्ही हातांनी द्यायचा, घेणाऱ्याने दोन्ही हातांनी घ्यायचा, आणि दोघांनी खाली वाकून एकमेकांच्या हातांना कपाळ लावायचं. गोंदाजी उठला. वाकला.

तेवढ्यात मैदान गर्जलं.

तीनशे गळ्यांतून एकच आवाज फुटला. टोप्या उडाल्या. गोंदाजीने मान वर केली तेव्हा पाहुण्या संघाचे दोन गडी, दोघेही एकदम, बाद होऊन बाहेर चालले होते. राणोजी उभ्या पाटीवर एकटा उभा होता. त्याचे गुडघे धुळीने माखले होते. लोक नाचत होते.

“काय पारखी!” भिवबा मोठ्याने म्हणाला. “पाहिलंत ना?”

सगळ्या माना गोंदाजीकडे वळल्या. त्याच्या हातात विडा तसाच होता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण वीस वर्षांची पापणी आडवी आली.

“पाहिलं,” गोंदाजी म्हणाला.

पुढचा सगळा डाव तो पाहत होता, पण त्याचं मन त्या एका क्षणात अडकून पडलं होतं. एकाच वेळी दोन गडी! असा सूर त्याने जन्मात पाहिला नव्हता. आणि आताही पाहिला नव्हता.

खेळ संपल्यावर तो नदीकाठी आला. नावाडी पाणी उपसत होता. गोंदाजीने सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय रे, त्या दोघांना कसं काय मारलं असेल त्याने?”

“म्हणजे काय! झेप घेतली वाघासारखी. एक ह्या हाताने, एक त्या हाताने. मी स्वतः पाहिलं.”

नावेत निवळगावची एक बाई माहेरी निघाली होती. ती म्हणाली, “झेप कसली? त्याने मागे न बघता मागचा गडी शिवला. त्याच्या पाठीला डोळे आहेत, अख्खं गाव सांगतं.”

अल्याडच्या काठावर गोंदाजीचा गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. तो खेळाला गेलाही नव्हता. तरी म्हणाला, “काका, बातमी आली. त्याने असा काही दम भरला म्हणे की ते दोघं जागीच खिळले! पण मी काय सांगणार? तुम्ही तर समोर बसला होतात.”

गोंदाजी गाडीत चढला. तीन तोंडं, तीन डाव. आणि त्याच्यापाशी एकही नाही.

पालट पक्का करायला निवळगावची मंडळी तिसऱ्या दिवशी येणार होती. ते दोन दिवस गोंदाजीला वर्षाएवढे झाले. तो परसात जाई, परत येई. चूळ भरायला तांब्या घेई आणि कशाला घेतला ते विसरून तसाच उभा राही. तीनही गोष्टी तो मनात घोळवून बघे. झेप खरी असेल? असेलही. दोन गडी बाद झाले हे तर खरं ना? मग कसे का होईनात! पण लगेच दुसरा विचार येई. कसे झाले, तेच तर पारख्याने सांगायचं असतं. नाहीतर आरडाओरडा ऐकायला कुणीही चाललं असतं.

“भाकरी पुढ्यात घेऊन बसलात, ती काय पारखायची आहे?” त्याची बायको भागूबाई म्हणाली.

“भूक नाही.”

“दोन दिवस नाही. निवळगावात काय बघून आलात एवढं?”

गोंदाजी म्हणाला, “तेच तर.” आणि उठून बाहेर गेला.

बाहेर अंगणात सटवाजी उभा होता. उंबरखडीचा सूर. आठ वर्षं त्याने उभी पाटी सांभाळली होती. पालट झाला तर उद्यापासून तो निवळगावचा होणार होता. घरात म्हातारे वडील होते. ते गाव सोडून येणार नव्हते, आणि बारा वर्षं ते पुरणारही नव्हते.

गोंदाजीला वाटलं, हा आता हात जोडेल. पण सटवाजीने हात जोडले नाहीत.

“काका, एकच विचारायला आलो,” तो म्हणाला. “तो माझ्याहून चांगला आहे ना? म्हणजे खरंच?”

“का विचारतोस?”

“चांगला असेल तर जाईन मी. वडिलांचीही समजूत घालीन. गावाचं भलं होत असेल तर रडायचं कशाला! फक्त कुणाच्या ऐकीव गोष्टीवर जायला जिवावर येतं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर माझं मन निवांत झालं.”

एवढं बोलून तो गेला. गोंदाजी मात्र तुळशीपाशीच उभा राहिला. सटवाजीने त्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसरा दिवस उजाडला. दुपार कलताच तालमीसमोरच्या ओट्यावर गाव जमलं. निवळगावहून भिवबा आला, त्यांचे चार जाणते आले, आणि पालटाच्या रीतीप्रमाणे राणोजीही आला. तो मागे, खांबाला टेकून बसला. वस्तादांसमोर तबकात एक अख्खी सुपारी होती. पारख्याने मांडणी करायची, मग हो म्हणायचं, मग सुपारी फोडायची. सुपारी फुटली की बोलणं संपलं.

मांडणी म्हणजे उंबरखडीची जुनी चाल. सगळं गाव काही खेळ बघायला नदीपार जाऊ शकत नाही. म्हणून पारख्याने परत येऊन ओट्यावर राखेने पाट्या आखायच्या. पळणारे गडी म्हणजे चिंचोके, अडवणारे म्हणजे खडे, आणि सूर म्हणजे एक कवडी. मग जसा खेळ झाला तसा, एकेक पाऊल, बोटांनी खेळून दाखवायचा. गोंदाजीची मांडणी बघायला बायका कामं टाकून येत. बघणाऱ्याला धाप लागे.

गोंदाजीने राख घेतली. नऊ आडव्या, एक उभी. पहिला डाव त्याने अचूक मांडला. कोण कुठून शिरला, कुणाचा पाय कुठे अडखळला, राणोजीला कुठे उशीर झाला. लोक “अरे अरे!” करत होते, हसत होते. पुढे सटवाजी उकिडवा बसला होता. त्याची नजर कवडीवरून हलत नव्हती.

दुसरा डाव सुरू झाला. दोन चिंचोके चौथ्या पाटीपाशी आले. कवडी तिसऱ्या पाटीशी होती. इथपर्यंत गोंदाजीने पाहिलं होतं.

“हां, आता ते येणार!” वस्ताद पुढे सरकले. “एकदम दोन! गप बसा रे सगळे. मांड, गोंदाजी.”

गोंदाजीने कवडी उचलली. झेप दाखवावी? मागे न बघता शिवलेलं दाखवावं? काहीही दाखवलं तरी कोण नाही म्हणणार होतं? कवडी चौथ्या पाटीच्या दिशेने निघालीही.

तेवढ्यात त्याचं लक्ष सटवाजीकडे गेलं. सटवाजीचे ओठ किंचित उघडे होते. डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. तो डाव शिकत होता. गाव सोडायच्या दिवशीही तो, गोंदाजीने कधी न पाहिलेला डाव, त्याच्याच हातून शिकून घ्यायला बसला होता.

गोंदाजीने कवडी परत तिसऱ्या पाटीवर ठेवली.

“हे मी पाहिलं नाही,” तो म्हणाला.

“काय?”

“हे मी पाहिलं नाही, वस्ताद. तेव्हा मान खाली होती माझी, विडा घेत होतो. आवाज ऐकला. वर बघितलं तर दोघं बाद झालेले. पाहिलं म्हणून सांगितलं ते खोटं होतं.”

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, लवली की पापणी!” त्यावर हशा पिकला. गोंदाजीचे कान तापले. त्याने मान खाली घातली नाही, पण कुणाकडे बघवेनाही.

वस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांचा आवाज खाली गेला होता. “वीस वर्षं तुझी मांडणी बघतोय, गोंदाजी. तुझ्या शब्दावर माणसं घरदार सोडून गेली. त्यातलं असं किती?”

“हे पहिलंच,” गोंदाजी म्हणाला. “पण आज मांडलं असतं, तर शेवटचं झालं नसतं.”

वस्ताद भिवबाकडे वळले. “बरं, आमच्याकडून चूक झाली. गडी तुमचा आहे. तुम्ही तरी मांडून दाखवा.”

भिवबाने उपरण्याने कपाळ पुसलं. तो पुढे आला, वाकला, कवडी हातात घेतली. एकदा इकडे धरली, एकदा तिकडे. मग हळूच खाली ठेवली.

“विडा मीच देत होतो,” तो म्हणाला. “माझीही मान खालीच होती.”

आता मात्र ओटा हादरला. हसणारे हसले, भांडणारे भांडायला लागले. निवळगावचा एक जाणता म्हणाला, झेप होती. दुसरा म्हणाला, झेप नव्हती, गिरकी होती. गाडीवान मागून ओरडला, “दम भरला त्याने, दम!”

“तू होतास का तिथे?” वस्ताद गरजले.

“नव्हतो.”

“मग बस खाली.”

गोंदाजीने वळून खांबाकडे पाहिलं. राणोजी गुडघ्यांत तोंड घालून बसला होता. तीन दिवसांत हा माणूस कुणाला आठवलाच नव्हता.

“राणोजी,” गोंदाजी म्हणाला, “तूच सांग ना बाबा.”

राणोजी उठला. एवढा उंच गडी, पण मान वर करेना.

“पाय घसरला माझा,” तो पुटपुटला.

“मोठ्याने!”

“पाय घसरला. मी आडवा पडलो. ते दोघं जोरात येत होते, थांबता येईना, ते माझ्यावर आदळले. मी त्यांना शिवलोच नाही. तेच मला शिवले.”

मग सटवाजीच हसला सगळ्यात आधी, आणि त्याच्यामागे सगळं गाव.

“अरे, मग तोंडात मूग धरले होतेस काय?” भिवबा रागाने म्हणाला.

“मला कुणी विचारलं?” राणोजीचे डोळे भरून आले होते. “उठलो तर सगळे नाचत होते. रात्रीपर्यंत मी वाघ झालो. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीला डोळे फुटले. मग कळलं, माझ्यासाठी तीन गडी मागितलेत. तेव्हापासून घास गिळत नाही मला. एकदा पडलो ते पडलो. पण इथे येऊन बारा वर्षं रोज तसं पडायचं कसं?”

गोंदाजीला वाटलं, आपण दोन दिवस जे सोसलं ते ह्या पोराने आपल्याहून जास्त सोसलं. आणि ते ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणारे आपणच.

वस्तादांनी खाकरून घसा साफ केला. “तेवढी जागा कोरी सोड आणि पुढचं मांड, गोंदाजी. जे पाहिलंस तेवढंच.”

गोंदाजीने तेवढी जागा सोडली. दोन चिंचोके उचलून बाजूला ठेवले आणि पुढचा डाव मांडला. शेवटचा चिंचोका बाहेर गेल्यावर वस्तादांनी विचारलं, “बोल. काय मोल?”

“गडी चांगला आहे,” गोंदाजी म्हणाला. “पाय हलके आहेत, आणि आज खरं बोलला. दोन वर्षांत आणखी चांगला होईल असं वाटतं, पण वाटणं म्हणजे पाहणं नव्हे. एकाला एक म्हणालात तर विचार करू. एकाला तीन मला दिसले नाहीत.”

निवळगावच्या जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सटवाजीच्या बदल्यात एकटा राणोजी द्यायला ते तयार होते. पण वस्तादांनी नकारार्थी मान हलवली. आपल्या सुराकडे त्यांनी आज बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं होतं. सुपारी न फोडताच तबक आत गेलं. पाहुण्यांना जेवू घालून निरोप दिला. सटवाजी वडिलांना ही बातमी सांगायला धावतच घरी गेला.

पुढे बरेच दिवस उंबरखडीची पोरंसोरं गोंदाजीच्या वाटेवर उभी राहून विचारत, “काय पारखी, पाहिलंत ना?” त्याला ते लागे. त्याच्या मांडणीत अधूनमधून एखादी जागा कोरी राहू लागली. “इथे धूळ उडाली, दिसलं नाही,” तो सांगे, आणि पुढे जाई. पहिल्यांदा लोक कुरकुरले. मग हळूहळू असं झालं की गोंदाजी एकदा “पाहिलं” म्हणाला, की अल्याडचं असो वा पल्याडचं, कुणीच त्याला पुन्हा विचारत नसे.

तात्पर्य: जे आपण पाहिलं नाही, ते पाहिलं नाही असं सांगायला लाजू नये, कारण न पाहता केलेल्या पारखीचं ओझं नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी वाहावं लागतं.